डिस्कला टूथपेस्ट लावण्याआधी थांबा

गेल्या काही दिवसांत एकच संदेश माझ्याकडे चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्याचा सारांश असा: "सीडी-डीव्हीडीवरून सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना मध्येच अडकलं, 'डेटा एरर' किंवा 'कॅब फाइल खराब आहे' असं आलं, की समजा डिस्क गेली. खालच्या चकचकीत बाजूला टूथपेस्ट लावून गोल गोल घासा. नाही जमलं तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. तरी अडकलं तर रीट्राय दाबत राहा, शेवटी इग्नोअर दाबून पुढे जा. काहीच जमलं नाही तर डिस्क फेकून द्या, नेटवर सगळं फुकट मिळतं."

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण जुनी मशीन आणि त्यांची जुनी सॉफ्टवेअरं चालू ठेवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि याच सल्ल्यापायी हातची गेलेली डिस्क मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. ज्या प्रोग्रॅमची कंपनी बंद पडली, ज्याची दुसरी प्रत मिळत नाही, त्याची डिस्क घासून टाकली की तो प्रोग्रॅम संपला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"मध्येच अडकलं की समजा डिस्क गेली"

नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये १३३५ क्रमांकाची एरर येते, 'डेटा१.कॅब' फाइल खराब आहे असं सांगणारी. (कॅब म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइली दाबून बांधलेलं गाठोडं.) तिचा मजकूर लोक पहिल्या ओळीपर्यंतच वाचतात. पुढे तिथेच तीन शक्यता दिलेल्या असतात: नेटवर्कची चूक, सीडी वाचताना झालेली चूक, किंवा मूळ पॅकेजमधलाच दोष. म्हणजे खुद्द इन्स्टॉलरही डिस्कला थेट दोषी ठरवत नाही.

डिस्कवरची माहिती हार्ड डिस्कवर पोचेपर्यंत बऱ्याच हातांतून जाते. ड्राइव्हची लेन्स ती वाचते, केबल ती आणते, रॅममध्ये ती उतरते, तिथे कॅब फाइल उलगडते आणि मग ती हार्ड डिस्कवर लिहिली जाते. यातला कुठलाही हात कच्चा असला तरी पडद्यावर येणारं वाक्य जवळपास सारखंच असतं.

मग ओळखायचं कसं? इन्स्टॉलर बाजूला ठेवा. हार्ड डिस्कवर एक रिकामा फोल्डर करा आणि डिस्कवरचं सगळं त्यात कॉपी करा. लपवलेल्या फाइलीसुद्धा. कॉपी दर वेळी त्याच फाइलवर अडकत असेल तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. तिथेही तीच फाइल अडली तर दोष डिस्कमध्ये आहे. दुसऱ्या ड्राइव्हने ती सुरळीत वाचली तर बहुधा तुमच्या ड्राइव्हची लेन्स धुळीने माखली आहे किंवा लेसर थकला आहे. आणि कॉपी बिनतक्रार झाली, पण त्या फोल्डरमधून इन्स्टॉल करतानाही गाडी अडली, तर संशय डिस्कवरून काढून दुसरीकडे वळवा. अँटिव्हायरस, भरलेली हार्ड डिस्क, टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरच्या परवानग्या, रॅम.

रॅमचं एक उदाहरण सांगते. माझ्याकडे हिशेबाच्या एका प्रोग्रॅमची सीडी आली होती. सीडी आरशासारखी स्वच्छ, पण इन्स्टॉल कधी ४१ टक्क्यांवर थांबे, कधी ७८ वर, कधी ६३ वर. ओरखडा काही डिस्कवर इकडून तिकडे फिरत नाही. जागा दर वेळी बदलते म्हणजे दोष दुसरीकडे आहे, हे तिथेच कळायला हवं. मी सीडी दोनदा दोन फोल्डरांत कॉपी केली आणि सगळ्यात मोठ्या फाइलीचा एसएचए-२५६ हॅश दोन्हीकडे काढला. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा एक लांबलचक आकडा. आत एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पार बदलतो. एकाच सीडीच्या दोन प्रती आणि हॅश वेगवेगळे! रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, तर काही मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली आणि त्याच सीडीवरून, त्याच ड्राइव्हमधून, प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात बसला. त्या सीडीला टूथपेस्ट फासली असती तर?

डिस्कचा काहीही दोष नसताना तिच्यावर आळ येण्याचे आणखी दोन-तीन प्रकार आहेत. डिस्क घातल्यावर आपोआप काही उघडलं नाही तर ऑटोप्ले बंद असू शकतं. डिस्क उघडून सेटअपची फाइल स्वतः चालवा. खूप जुन्या प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर १६-बिटी असतो आणि ६४-बिटी विंडोजवर तो चालतच नाही, मग डिस्क कितीही कोरी करकरीत असो. साध्या सीडी ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही, हेही घाईत लक्षात येत नाही. आणि जुन्या गेम्सच्या बाबतीत तर पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी एका फाइलीत उतरवलेली प्रत, काढून पाहणंही फसवू शकतं. नक्कल रोखणाऱ्या सेफडिस्कसारख्या संरक्षणात काही सेक्टर (डिस्कवरच्या माहितीचे ठरावीक तुकडे) मुद्दाम न वाचता येणारे ठेवलेले असत, म्हणजे अशी प्रतिमा काढताना धडधाकट डिस्कवरही एरर दिसणार. शिवाय विंडोज १० मध्ये सेफडिस्कचा ड्रायव्हरच नाही. तिथे तो गेम सुरू झाला नाही तर डिस्कला बोल लावून उपयोग नाही.

"चकचकीत बाजूला टूथपेस्ट लावून गोल गोल घासा"

सगळ्यात जास्त नुकसान हाच सल्ला करतो.

सीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते आणि ती जवळजवळ सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. माहिती असते ती त्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे छापील नावाच्या लगेच खाली. खालून येणारा लेसर सीडीच्या पृष्ठभागावर सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाता जाता एका बारीक ठिपक्यात मिटतो. म्हणून खालच्या बाजूचे केसासारखे ओरखडे त्याला जवळजवळ दिसतच नाहीत, चष्म्यावरचा धुळीचा कण आपल्याला वाचताना आड येत नाही तसं. वर चुका दुरुस्त करण्याची सोय आहेच. इर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर ती उभी आहे, आणि ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा सलग नाहीसा झाला तरी सीडी तो पूर्ण भरून काढू शकते. डेटा सीडीवर तर याहून एक जादा थर असतो: २,३५२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमध्ये आपली माहिती २,०४८ बाइट, आणि उरलेल्यातले २७६ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी राखलेले.

आता 'गोल गोल घासा' याचा अर्थ पाहा. ट्रॅक मध्यापासून कडेकडे गोल फिरत जातो. मध्यातून कडेकडे गेलेला सरळ ओरखडा प्रत्येक फेऱ्याला एकेकदाच छेदतो आणि तेवढा खड्डा दुरुस्तीचं गणित बुजवतं. ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र एकाच फेऱ्याचा लांबच्या लांब पट्टा झाकून टाकतो. म्हणजे दुरुस्तीला जे झेपत नाही, नेमकं तेच हा सल्ला आपल्या हाताने करायला लावतो.

टूथपेस्टने कधीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. तिच्यात घासणारी बारीक पूड असते आणि एखाद्या खोल ओरखड्याची धार तिने बोथट होऊ शकते. पण त्या एका ओरखड्याच्या बदल्यात आजूबाजूला शेकडो बारीक ओरखडे पडतात, पृष्ठभाग धुरकट होतो, आणि हे उलटवता येत नाही. ब्लू-रेच्या बाबतीत तर विचारच नको. तिथे माहिती खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते आणि त्यावर कडक संरक्षक लेप असतो. घासून आपण तो लेपच काढून टाकतो.

आणि मुख्य म्हणजे, खरी इजा कित्येकदा दुसऱ्याच बाजूला असते. माझ्याकडे आलेली आणखी एक सीडी, शिवणयंत्राच्या डिझाइनची. दर वेळी एकाच फाइलवर अडायची. मालकाने आधीच टूथपेस्ट लावली होती, खालची बाजू दुधाळ झाली होती. मी ती दिव्यासमोर धरली. छापील बाजूवर कुणीतरी बॉलपेनने सिरियल नंबर लिहिला होता, दाबून, आणि त्यातल्या ७ च्या आडव्या रेघेतून उजेडाची बारीक सुई आरपार येत होती. सीडीवर नावाच्या बाजूला धातूचा थर आणि त्यावर लाखेचा अगदी पातळ लेप, एवढंच काय ते संरक्षण. पेनच्या टोकाने तो थर फाटला होता. जिथे धातूच उरला नाही तिथून लेसर परत येणार कसा? खालून जन्मभर घासलं तरी येणार नाही. (डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असते, त्यामुळे वरच्या रेघोट्या ती जास्त सोसते. तरी बॉलपेन नकोच. मऊ टोकाचं मार्कर, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर.)

म्हणून पहिलं काम: डिस्क उजेडासमोर धरा. आरपार ठिपके दिसले तर घासणं विसरा. ठिपके नसतील आणि बोटांचे डाग असतील तर मऊ, धागे न सुटणारं कापड घ्या, हवं तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन अजिबात नको. पॉलिकार्बोनेट त्याने खराब होतं.

"रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा"

याला कसलाही आधार नाही. ओरखडा थंडीने भरून येत नाही आणि उडालेला धातू परत येत नाही. बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं, ते तसंच ड्राइव्हमध्ये जातं, आणि एकमेकांना चिकटलेले वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकदम थंड-गरम झाल्याने ताणले जातात ते वेगळंच.

"रीट्राय दाबत राहा, शेवटी इग्नोअर"

रीट्राय दोन-चारदा दाबायला हरकत नाही. वेग कमी झाल्यावर ड्राइव्हला एखादा अवघड सेक्टर वाचता येतो, हे खरं आहे. पण तासभर दाबत बसू नका. विंडोज एक्सपीच्या जुन्या मशीनवर तर याचा वेगळाच फटका बसे: डीएमए या वेगवान पद्धतीने माहिती आणताना सहाहून जास्त वेळा चूक झाली की विंडोज तो ड्राइव्ह गुपचूप संथ पीआयओ पद्धतीवर टाकत असे. मग डिस्क बदलली तरी सगळं रखडतच चाले आणि लोक म्हणत, ड्राइव्ह गेला.

इग्नोअरचं मात्र मी कळकळीने सांगते: दाबू नका. इग्नोअर म्हणजे 'ही फाइल सोडून दे'. इन्स्टॉल पूर्ण झाल्याची खिडकी येते, आयकॉन येतो, प्रोग्रॅम उघडतोही. गळालेली डीएलएल (प्रोग्रॅमचा एखादा भाग चालवणारी फाइल) ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो कोसळतो, आणि तो दिवस आठवड्याने येतो किंवा वर्षअखेरीला, जेव्हा छपाईचा किंवा ताळेबंदाचा तो एकच भाग पहिल्यांदा उघडला जातो. तोवर इग्नोअर दाबलेलं कुणाच्या लक्षातही नसतं. अर्धवट बसलेल्या प्रोग्रॅमपेक्षा न बसलेला बरा. रद्द करा, जे बसलं ते काढून टाका, आणि डिस्कची चांगली प्रत मिळवूनच पुन्हा सुरुवात करा.

"डिस्क फेकून द्या, नेटवर सगळं फुकट मिळतं"

बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर इन्स्टॉलर असेल तर तो जरूर घ्या. बऱ्याचदा परवाना डिस्कमध्ये नसून सिरियल नंबरात असतो, म्हणून डबीवरचा आणि माहितीपुस्तिकेतला नंबर आधी टिपून ठेवा. पण अनोळखी साइटवरून उचललेल्या सेटअपच्या आत काय बांधलं आहे ते तुम्हाला कळणार नाही. आणि तुमच्याकडे मूळ डिस्क असेपर्यंत त्याची गरजही नसते, कारण अडलेल्या डिस्कवरूनही पुष्कळ काही निघतं.

त्यासाठी मी जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून माहिती काढणारा प्रोग्रॅम वापरते. साधी कॉपी पहिल्या वाईट सेक्टरवर हटून बसते. हे साधन आधी सगळं सहज वाचता येणारं उचलतं, अवघड जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपतं आणि मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतं. तो नकाशा हातात असला की डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेल्या जागा वाचता येतात. एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे. एकच सावधगिरी: मधल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ एक्सच्या (५२ पट वेगाच्या) ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते, आणि तडकलेली डिस्क आतच फुटून तुकडे होऊ शकतात.

शिवणयंत्राच्या त्या सीडीवर मी तीन ड्राइव्ह वापरले. टूथपेस्टने दुधाळ झालेल्या भागाने पहिल्या दोन ड्राइव्हना रात्रभर दमवलं. तिसऱ्याने, एका जुन्या आणि संथ ड्राइव्हने, तो भाग पूर्ण वाचला. उरले फक्त त्या ७ च्या रेघेखालचे सेक्टर. मालकाच्या ओळखीच्या एका कारागिराकडे त्याच आवृत्तीची दुसरी सीडी होती, तीही खराब, पण वेगळ्या जागी. तीच नकाशा-फाइल तिच्यावर चालवली आणि राहिलेले सेक्टर तिथून भरून निघाले. दोन अडलेल्या सीड्यांमधून एक पूर्ण प्रतिमा तयार झाली. तिचा हॅश काढून मी एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी डबीत ठेवली, आणि सिरियल नंबर या वेळी डबीच्या आतल्या कागदावर लिहिला.