राधानगरीचं नाव घेऊन हुकूमशाही मागणाऱ्यांना

कोल्हापुरात तालमींच्या आणि पेठांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "शाहू महाराजांनी मतदान घेऊन राधानगरी धरण बांधलं नाही. चीन, सिंगापूर बघा. देश पुढं न्यायचा तर सगळं एकाच्याच हातात पाहिजे. निवडणुका, मोर्चे म्हणजे नुसता खोळंबा." यात महाराजांना ओढलंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

राधानगरीचं काम महाराजांनी काढलं हे खरं. पण १९२२ साली ते गेले तेव्हा धरण अपुरं होतं. १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि धरण पुरं झालं १९५० च्या दशकात, लोकांनी निवडलेल्या सरकारच्या काळात.

आता "एकाच्याच हातात". शाहू महाराजांसारखा राजा मिळाला हे आपलं भाग्य. ती राजेशाहीची हमी नव्हे. याच संस्थानात १८४४ साली राजा अल्पवयीन होता आणि कारभार इंग्रजांनी बसवलेल्या मंत्र्याकडं होता. तेव्हा सामानगड, भुदरगडच्या गडकऱ्यांना, म्हणजे किल्ल्यांच्या पिढीजात रखवालदारांना, दाद मागायला जागाच उरली नाही आणि ते हत्यारं घेऊन उठले. शिवाय महाराजांनी हातातली सत्ता वापरली कशासाठी? १९०२ ला मागासवर्गीयांना ५० टक्के राखीव जागा, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही त्याची साक्ष देतं. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना बोलतं करणारा हा राजा होता. त्याचं नाव घेऊन लोकांचं तोंड बंद करायचं म्हणजे त्याच्या कामावरच पाणी ओतणं आहे.

चीनचं अर्धंच सांगितलं जातं. १९५८ ला माओनं 'मोठी झेप' जाहीर केली. वरून आकडे मागितले, खालच्या अधिकाऱ्यांनी भीतीपोटी पिकाचे फुगवलेले आकडे दिले, त्या हिशेबानं सरकारनं धान्य उचललं आणि गावं उपाशी राहिली. कोट्यवधी माणसं मेली. खरं सांगायची सोय नसली की असं होतं. चीनची भरभराट सुरू झाली ती १९७८ नंतर, शेत कसणाऱ्या कुटुंबाकडं निर्णय गेल्यावर.

सिंगापूर सगळे सांगतात, आफ्रिकेतलं झाईर (आजचं काँगो) कुणी सांगत नाही. तिथं मोबुटूनं १९६५ ते १९९७ एकहाती राज्य केलं आणि खनिजांनी भरलेला देश कंगाल केला. उलट आफ्रिकेतलंच बोट्सवाना १९६६ पासून निवडणुका घेत हिऱ्यांच्या पैशावर पुढं आलं.

राहिला खोळंबा. तो होतो, आणि चीड येण्याइतका होतो. काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाइपलाइनचं पाणी शहरात यायला मंजुरीनंतर दहा वर्षं गेली. पण ते पाणी हुकूमशहा लवकर आणेल याची खात्री कोण देणार? आणि नाही आणलं तर त्याला विचारणार कोण? शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासोबत अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, वर्षानुवर्षं भांडलं आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. मेसेजवाल्यांना पाहिजे तसा कारभार असता, तर पहिल्याच मोर्चाला सगळे आत गेले असते आणि शिरोली नाक्यावर आजही पावती फाडली असती.