पोवळ्यासारखी बुरशी आणि दर पावसाळ्यातला फॉरवर्ड

पाऊस लागला की पाताळपाणी-चोरलच्या सहली सुरू होतात आणि इंदूरच्या मराठी ग्रुपांवर तो फॉरवर्डही फिरू लागतो. जंगलात उगवलेल्या, गुलाबी टोकांच्या, पोवळ्यासारख्या बुरशीचा फोटो आणि खाली चार विधानं: ही बुरशी जगातून नामशेष होत आहे, लोक तोडतात म्हणून होत आहे, ती झाडांची मुळं खाते, आणि वाचवायची असेल तर मातीसकट उचलून कुंडीत लावा. तोडू नका आणि उचलून आणा, दोन्ही एकाच दमात!

‘नामशेष’ होतेय ती नेमकी कोणती? पोवळ्यासारखी बुरशी ही काही एक जात नाही. रामारिया, क्लाव्हारिया, क्लाव्ह्युलिना अशा निरनिराळ्या प्रजातींतल्या कितीतरी जाती अशाच दिसतात. गुलाबी टोकं रामारिया बोट्रायटिसची असू शकतात, आणि ती युरोपातल्या अनेक देशांच्या लाल याद्यांत (कोणत्या जीवाला किती धोका आहे याच्या नोंदी) आहे हे खरं. पण एका देशाची यादी म्हणजे जगाचा निकाल नव्हे. शिवाय नुसत्या फोटोवरून जात ठरवणं धाडसाचंच. रामारियासाठी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, बरेचदा डीएनएही. मार्च २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जागतिक लाल यादीतल्या बुरशींचा आकडा १,३०० झाला. त्यांतल्या किमान ४११ धोक्यात आहेत. माहीत असलेल्या बुरशी आहेत सुमारे १,५५,०००. म्हणजे बहुतेकींची तपासणीच झालेली नाही. त्यांना नामशेष म्हणता येत नाही आणि सुरक्षितही म्हणता येत नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत तर प्राणी आणि वनस्पतीच आहेत, बुरशीला जागा नाही. माझ्या मते तक्रार करायचीच तर ती याबद्दल करावी.

‘मुळं खाते’ हे साफ उलटं आहे. रामारियाच्या बऱ्याच जातींचे तंतू झाडाच्या बारीक मुळांच्या टोकांना वेढून बसतात. मातीतलं पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन झाडाला पोचवतात आणि बदल्यात साखर घेतात. युरोपात ही जोडी बीच-ओकशी जमते. आपल्या मध्य प्रदेशात अशी सोयरीक करणारं मुख्य झाड म्हणजे सालवृक्ष, आणि तो मंडला, दिंडोरी, अमरकंटककडचा. इंदूरच्या आसपास जंगल सागाचं. सागाचे साथीदार वेगळ्याच बुरशी आहेत. त्या मुळांच्या पेशींत शिरतात आणि जमिनीवर पोवळी काही उगवत नाहीत. त्यामुळे चोरलकडे असं काही दिसलंच, तर ते कुजणाऱ्या लाकडावर किंवा पालापाचोळ्यावर जगणारं असण्याची शक्यता जास्त. तेही मुळं खात नाही, मेलेल्या लाकडाची माती करतं.

राहिलं ‘तोडल्यामुळे संपते’. जमिनीवर दिसतं ते बुरशीचं फळ. तिचं शरीर खाली मातीत पसरलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ ते २००३ या काळात जंगलातल्या अळंब्या सतत तोडून पाहिल्या, तरी पुढचं उत्पन्न घटलं नाही. मात्र माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेली तिथे फळं कमी झाली. म्हणजे एकट्याने तोडलेल्या तुऱ्यापेक्षा त्याभोवती रील काढायला जमलेली गर्दी जास्त नडते. आणि आययूसीएनच्या त्याच यादीत किमान १९८ बुरशींना जंगलतोडीचा धोका नोंदवलाय. खतांतून आणि धुरातून येणारा नायट्रोजन हे आणखी एक कारण.

कुंडीचं काय? मुळांशी बांधलेल्या बुरशीचा जिवंत झाडापासून संबंध तोडला की तिची साखरच बंद होते. कुंडीत वर खत घातलंत तर झालंच.

फॉरवर्डखाली दरवेळी कुणीतरी विचारतं, ‘भाजी होते का हिची?’ मेक्सिकोच्या बाजारांत रामारियाच्या काही जाती विकल्या जातात. रामारिया फॉर्मोसा मात्र जुलाब लावते, आणि तीही गुलाबीच दिसते.