उंची, लोखंड आणि फोटोतली स्लिपर

काका, नमस्कार. आमच्या परळच्या व्यायामशाळेवरच्या पोस्टखाली तुम्ही तीन हरकती घेतल्यात. पंधरा वर्षांच्या पोरांनी वजनं उचलली की उंची खुंटते. जोर-बैठका असताना लोखंड हवंच कशाला. आणि फोटोतला मुलगा स्लिपर घालून रॉड उचलतोय.

तिसरी हरकत आधी घेतो, कारण तिला उत्तर नाही. फोटो मीच काढला होता, तरी स्लिपर मला दिसली नाही. जुलैतली ओली लादी आणि हातात रॉड! फोटो काल उतरवला.

आता उंची. मी पाच फूट पाचवर थांबलो तेव्हा आईनेही डंबेल्सनाच शिव्या घातल्या होत्या. (बाबा पाच-चार.) तुमच्या म्हणण्यात तथ्य एवढं आहे, की या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. पण तिला इजा होते ती पडल्याने, वजन अंगावर आल्याने, नाहीतर न झेपणारं वजन वाकड्या पाठीने ओढल्याने. कुणी जाणतं समोर असताना, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामामुळे उंची खुंटल्याचं दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली अशा व्यायामाला पाठिंबाच दिलाय. म्हणून आमच्याकडे पोरांना 'मॅक्स किती?' (एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलतोस) हा प्रश्न विचारायलाच बंदी आहे. पंधरा वेळा स्वच्छ जमलं, पुढच्या खेपेलाही जमलं, तर किलो-दोन किलो वाढवायचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी.

खरं बोलायचंय ते जोरांबद्दल. साध्या पुश-अपमध्ये हातांवर अंगाच्या जवळजवळ दोन तृतीयांश वजन येतं. जूनमध्ये नववीतला एक मुलगा आला, वजन ६० किलो. म्हणजे त्याच्या हातांवर पहिल्याच दिवशी ४० किलो! एकही जमेना. बाकीची पोरं बघतायत म्हटल्यावर तो लाल झाला आणि पाणी प्यायला म्हणून गेला तो अर्धा तास आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बाकावर झोपवून तीन-तीन किलोची डंबेल्स दिली. शरीर हलकं करून देता येत नाही काका, डंबेल येतं. दिवाळीपर्यंत त्याने सलग चार जोर मारले.

रॉडही लगेच हातात देत नाही. आधी लादी पुसायच्या मॉपचा दांडा. तो पाठीवर उभा धरायचा. डोकं, खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. मग गुडघे जरासे सैल सोडून कमरेतून वाकायचं. दांडा कुठेही सुटला की परत पहिल्यापासून. पोरं वैतागतात. दोन आठवडे हेच चालतं आणि तेवढ्यात एक-दोन जण गळतातही.

प्रोटीन पावडरबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंयत. मी कुणाला देत नाही. उसळ, अंडी, दूध पुरतं.

जोर मारताना मात्र आमच्या पोरांची कंबर अजून खाली पडते. तालमीत वाढलेला माणूस ते माझ्याआधी पकडेल. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला आम्ही असतो, या.