पाच डॉलरचं चलान आणि नव्वद वर्षांचे कायदे

१९७६ साली कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमध्ये जॉर्ज फॉरेस्ट या गृहस्थांना गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल ५ डॉलरचं चलान मिळालं. चलान फक्त इंग्रजीत होतं. पाच डॉलर भरून मोकळं होणं सोपं होतं, पण फॉरेस्ट कोर्टात गेले. त्यांचा आधार होता १८७०च्या मॅनिटोबा कायद्याचं कलम २३. प्रांताचे कायदे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत छापायचे आणि कोर्टात दोन्हींपैकी कुठलीही भाषा चालेल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. १८९०मध्ये प्रांताने एक साधा कायदा करून फ्रेंचला बाहेर काढलं होतं. तो घटनेत बसत नाही असं खालच्या कोर्टांनी १८९२ आणि १९०९ असं दोनदा सांगूनही झालं होतं. सरकारने दोन्ही निकाल बासनात बांधून ठेवले आणि पुढचे कायदे इंग्रजीतच करत राहिलं.

१३ डिसेंबर १९७९ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९०चा तो कायदा रद्द केला. मग खरी पंचाईत झाली: नव्वद वर्षांत नुसत्या इंग्रजीत केलेल्या कायद्यांचं काय? १३ जून १९८५ला उत्तर आलं, सगळे अवैध. पण सगळे अवैध म्हटल्यावर नगरपालिका, कंपन्यांच्या नोंदण्या, कोर्टं, अगदी ते कायदे करणारं विधिमंडळसुद्धा अधांतरी लटकणार. म्हणून न्यायालयाने भाषांतर, फेरमंजुरी आणि छपाई यांना लागेल तेवढ्या किमान मुदतीपुरते ते कायदे जिवंत ठेवले. चालू कायद्यांना १९८८ची अखेर आणि बाकीच्यांना १९९०ची अखेर अशा तारखा घालून दिल्या.

हे प्रकरण सुरुवातीलाच सांगितलं, कारण भाषा आणि राष्ट्र यावर आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक अस्मितेच्या अंगाने. माझं म्हणणं साधं आहे. देशाचं भाषाधोरण तपासायचं तर तीन कागद बघा: जन्माची नोंद, कोर्टाचं समन्स किंवा चलान, आणि सैन्यात बोलावण्याची नोटीस. हे तीन कागद ज्याच्या हातात पडतात त्याला ते वाचता येतात का? येत नसतील, तर त्या देशात राजभाषा दिनाला कितीही रोषणाई होवो, ती फुकट.

भाषा आणि सरकारी नोंद ही जोडी जुनी आहे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने ऑगस्ट १५३९मध्ये व्हिलेर-कोत्रे इथे जो फतवा काढला त्यात १९२ कलमं होती. ११० आणि १११ ही दोन भाषेची: निकाल आणि दस्त असे स्पष्ट लिहा की शंकेला जागा राहू नये, म्हणून लॅटिन सोडा, फ्रेंच वापरा. आणि त्याच फतव्यात कलम ५१ आहे, चर्चने बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी असं सांगणारं. त्या नोंदीवरून माणसाचं वय सिद्ध व्हायचं. भाषेचं कलम सगळ्यांना आठवतं, नोंदवहीचं कुणाला आठवत नाही. पण वय सिद्ध झाल्याशिवाय ना करार टिकतो, ना पुढे कधी सैन्यभरतीची यादी करता येते. आणि एवढं करूनही अडीचशे वर्षांनी, १७९४मध्ये, ॲबे ग्रेग्वारने क्रांतिकारी सरकारपुढे अहवाल ठेवला तेव्हा त्याचा हिशोब असा होता: किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येतच नाही, तेवढ्याच लोकांना धड संभाषण करता येत नाही, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांच्या वर नाहीत. कोर्टाची भाषा फतव्याने बदलते. घराची भाषा शाळा आणि बरॅक यांनी बदलते, तीही पिढ्या खाऊन.

आता कायद्याचा मसुदा. दोन भाषांत कायदा हवा म्हटलं की सरकारं सोपा मार्ग धरतात: एका भाषेत लिहा, मग भाषांतर विभागाकडे पाठवा. इथेच घोळ होतो. भाषांतरकाराच्या हातात मसुदा पडतो तेव्हा मंत्रिमंडळाची मंजुरी झालेली असते, तारीख उद्याची असते, आणि एखादं वाक्य मुळातच संदिग्ध आहे हे त्याला दिसलं तरी सांगायचं कुणाला? तो बिचारा दोनपैकी एक अर्थ निवडतो. तिथे नकळत कायदा बदलतो. कॅनडाच्या केंद्र सरकारने १९७८पासून हा प्रकार बंद केला. एक इंग्रजी आणि एक फ्रेंच मसुदाकार एकत्र बसतात, संबंधित खात्याचे लोक समोर असतात आणि दोन्ही मजकूर एकाच वेळी लिहिले जातात. एका भाषेत वाक्य बसत नसेल तर मूळ कल्पनाच दुरुस्त होते. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच आणि इटालियन असे तिन्ही मजकूर सारख्याच वजनाचे. तिथे संसदेची मसुदा समिती प्रत्येक भाषेचा मजकूर अंतिम मतदानाच्या आधी नजरेखालून घालते. खर्च होतो, वेळ जातो. पण तीन भाषांतून गाळून आलेल्या कलमात पोकळ शब्द फार टिकत नाहीत.

आणि मजकूर जुळला नाही तर किती महागात पडतं? २ मे १८८९ला इटली आणि इथिओपियाचा मेनेलिक यांच्यात वुचालेचा तह झाला. कलम १७. अम्हारिक मजकुरानुसार इथिओपिया परराष्ट्रव्यवहारासाठी इटलीची मदत घेऊ शकेल. इटालियन मजकुरानुसार ती घ्यावीच लागेल. 'शकेल' आणि 'लागेल'! इटलीने त्या एका क्रियापदाच्या जोरावर इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली आहे असं युरोपला कळवून टाकलं. १८९३मध्ये मेनेलिकने तह झिडकारला आणि १ मार्च १८९६ला अडवाच्या लढाईत इटलीचं सैन्य पार मोडलं. कोणत्या भाषेतला मजकूर अंतिम, हे एक वाक्य तहात घालायला शाई किती लागली असती?

सैन्यभरतीच्या भाषेचा माझा आवडता नमुना जपानचा. मेजी सरकारने १८७३मध्ये सक्तीची लष्करसेवा आणली. त्याआधी निघालेल्या जाहीरनाम्यात कुणा विद्वान कारकुनाने लिहिलं की पाश्चात्त्य लोक याला 'रक्तकर' म्हणतात. म्हणायचं होतं ते देशासाठी जिवावर उदार होण्याबद्दल. खेड्यापाड्यांत अर्थ निघाला तो सरळ: सरकार माणसं धरून नेणार आणि अंगातलं रक्त काढणार. पश्चिम जपानमध्ये दंगे उसळले. अर्थात नुसत्या शब्दाने माणसं पेटत नाहीत, जमिनीवरचा कर आणि शाळांचा खर्च यांचा रागही खदखदत होता. पण काडी त्या शब्दाने टाकली.

पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा. त्या भरती कायद्यात कुटुंबप्रमुख आणि वारस यांना सूट होती, आणि २७० येन भरणाऱ्यालाही. १८७२ची कुटुंब-नोंदवही नुकतीच तयार झालेली. मग धाकटी मुलं निपुत्रिक घरांत कागदोपत्री दत्तक जाऊ लागली, कारण दत्तक गेला की तो वारस आणि वारस झाला की सुटका. म्हणजे सरकारने सैन्यासाठी यादी वापरली आणि लोकांनी तीच यादी सैन्य चुकवायला. मग सूट आकसत गेली आणि १८८९मध्ये बहुतेक पळवाटा बुजल्या. मधल्या काळात, १८७५ला, सामान्य माणसाने आडनाव लावणं सक्तीचं झालं, तेही लष्करखात्याने मागणी केल्यावर. एका गावात एकाच नावाचे सहा जण असले तर नोटीस कुणाच्या हातात द्यायची?

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने भाषेचा प्रश्न जितका बारकाईने सोडवला तितका फार कुणी सोडवला नसेल. हुकमांची भाषा जर्मन, पण हुकूम किती? सुमारे ८०. 'सावधान', 'नेम धरा' अशा जातीचे. ते प्रत्येक रंगरुटाने पाठ करायचे. कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषाही जर्मन. आणि तिसरी पलटणीची भाषा: पलटणीतले २० टक्के जवान जी भाषा बोलतात ती. प्रशिक्षण, समजावणं, तक्रार ऐकणं, सगळं तिच्यात. काही पलटणींत अशा दोन-तीन भाषा असत. अधिकाऱ्याला ती शिकायला तीन वर्षं मिळायची. शांततेत हे यंत्र चाललं. १९१४च्या पहिल्या काही महिन्यांत नेमके हेच भाषा शिकलेले कायम अधिकारी मोठ्या संख्येने मारले गेले. जागा भरायला आले राखीव दलाचे, ज्यांना पलटणीची भाषा येत नव्हती. ८० हुकमांवर संचलन होतं, खंदकात घाबरलेल्या माणसाला थोपवता येत नाही. नियम उत्तम होता, तो पेलणारी दुसरी फळी मात्र कुणी तयार केलेली नव्हती.

फिनलंडने तोच विचार आज आणखी नेटका मांडलाय. सैन्याच्या हुकमांची भाषा फिनिश. पण स्वीडिश भाषक तरुणाला आपल्या भाषेत प्रशिक्षण घेता यावं म्हणून ड्राग्सविकला वेगळी स्वीडिश ब्रिगेड आहे. सेवा १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांची, कामाच्या स्वरूपानुसार. नागरी बाजूला नगरपालिका द्विभाषिक कधी ठरते याचा आकडाच कायद्यात आहे: अल्पसंख्य भाषेचे लोक ३,००० किंवा ८ टक्के असतील तेव्हा. आणि दर्जा जातो तो ८च्या खाली आल्यावर नव्हे, ६च्या खाली उतरल्यावर, तोही संख्या ३,०००पेक्षा कमी असेल तरच. ही दोन टक्क्यांची फट ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. फट नसती तर दहा कुटुंबं राहायला आली-गेली की पाट्या बदला, कारकून बदला, आणि प्रत्येक जनगणना म्हणजे भांडण. आढावा दहा वर्षांतून एकदा. फिनलंडच्याच ओलांड बेटांवर तर फक्त स्वीडिश चालते, बेटं १९२१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तटस्थ आणि सैन्यमुक्त आहेत, आणि तिथला वतनी हक्क, म्हणजे जमीन घेण्याचाही हक्क, असलेल्यांना लष्करसेवा माफ. भाषा, जमीन, संरक्षण यांची एकच गाठ मारलेली, आणि ती शंभर वर्षं सुटलेली नाही.

लिपी बदलण्याचं उदाहरण म्हटलं की तुर्कस्तान येतंच. अतातुर्क फळ्यासमोर उभे असलेला फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. कायद्यातल्या तारखा कमी लोक बघतात, आणि यश तिथे आहे. १ नोव्हेंबर १९२८ला २९ अक्षरांची रोमन लिपी मंजूर. १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रं आणि पाट्या. १ जानेवारी १९२९पासून पुस्तकं आणि सरकारी कामकाज. पण सामान्य माणसाचा जुन्या अरबी लिपीतला अर्ज १ जून १९२९पर्यंत स्वीकारायचा. म्हणजे सक्ती आधी सरकारवर, मग जनतेवर. अनेक सरकारं नेमकं याच्या उलट करतात. प्रौढांचे वर्गही १ जानेवारीलाच सुरू झाले. किंमतही मोजावी लागली. लिपीपाठोपाठ शब्दांचीही एवढी झाडाझडती झाली की अतातुर्कांचं १९२७चं गाजलेलं भाषण पुढच्या पिढ्यांसाठी आजच्या तुर्कीत उतरवून द्यावं लागलं. आणि लिपीत क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं घेतली नाहीत म्हणून कुर्दी मुलांच्या नावनोंदणीवरून कित्येक दशकं खटके उडत राहिले. जन्माचा दाखला, बघा, पुन्हा तोच.

शब्द घडवण्याबद्दल थोडक्यात. समितीने घडवलेला शब्द रुजतो तो लोकांच्या तोंडी बसला तर. हिब्रूला पुन्हा बोलती करणाऱ्या बेन-येहुदाने 'शब्दकोश' या अर्थी घडवलेला शब्द रुजला. टोमॅटोसाठी त्याला हवा असलेला शब्द बाजाराने नाकारला. आइसलँडने टेलिफोनसाठी 'धागा' या अर्थाचा विस्मृतीत गेलेला शब्द उचलला आणि तो आज प्रत्येकाच्या खिशात आहे. फ्रान्सने मात्र १९९४च्या भाषा कायद्यात सरकारमान्य शब्द खाजगी व्यक्तींवरही लादायला घेतले, तेव्हा घटना परिषदेने २९ जुलै १९९४ला ते कलम छाटलं. सरकारने स्वतः कोणते शब्द वापरावेत हे ते ठरवू शकतं. नागरिकाने कोणते, हे ठरवणं १७८९च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नाही. मला हा निकाल पटतो.

म्हणून पुढच्या वेळी भाषेचं विधेयक कुठेही आलं की प्रस्तावना सोडून द्या, ती सगळीकडे सारखीच असते. शेवटची पानं उघडा. दोन मजकुरांत फरक पडला तर कोणता चालेल? जुने अर्ज कधीपर्यंत? भाषांतरकारांची पदं मंजूर आहेत का? आणि मोडलं तर काय होतं? इंडोनेशियाने २००९च्या कायद्यात लिहिलं की इंडोनेशियन पक्ष असलेला करार इंडोनेशियन भाषेत हवा. मोडल्यास काय, ते लिहिलंच नाही. नियमावली येईपर्यंत इंग्रजी करार चालतील असं कायदा मंत्रालयाने पत्राने कळवलं. २०१०मध्ये एका परदेशी सावकाराने ४४ लाख डॉलरचा कर्जकरार नुसत्या इंग्रजीत केला. कर्जदारच कोर्टात गेला, की करार कायद्याप्रमाणे झालेला नाही. २०१३मध्ये पश्चिम जकार्ताच्या न्यायालयाने करार रद्द ठरवला. मंत्रालयाचं पत्र कायद्यापेक्षा मोठं नसतं. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. करारात परकीय भाषेचा मजकूरही चालेल आणि कोणता मजकूर वरचढ हे दोन्ही पक्षांनी ठरवावं, असं सांगणारी नियमावली निघाली २०१९मध्ये.