‘बाकावर बसून सांगणे सोपे असते’ या वाक्याबद्दल

सप्रेम सलाम,

दुरावलेल्या नात्यांत प्रभूची शांती कशी लाभते, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपला एक आक्षेप रास्त आहे. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचे वचन मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या नावावर घातले होते. ते मत्तय १८:२२ मध्ये आहे. चूक दुरुस्त केली आहे.

मात्र ‘चर्चच्या बाकावर बसून क्षमेच्या गोष्टी सांगणे सोपे असते’ हे आपले शेवटचे वाक्य मला लागले. मतभेद अवश्य मांडावेत. पण ज्याच्या घरात आपण कधी पाऊल ठेवले नाही, त्याने काय सोसले आणि काय सोसले नाही हे परस्पर ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या बाकाविषयीच सांगतो. भायखळ्याच्या ज्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घेतलेल्या) खोलीत मी वाढलो, तिची भाडेपावती थोरल्या भावाने मला न विचारता स्वतःच्या नावावर करून घेतली, तेव्हा शिवडीला आईला माती देऊन दोन महिनेही झाले नव्हते. मी बायकोमुलांसह बदलापूरला भाड्याने राहायला गेलो. दर रविवारी पहाटेची गाडी पकडून मी त्याच चर्चमध्ये येत असे आणि माझ्या तीन बाक पुढे तोच भाऊ बसलेला असे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. म्हणून पाच महिने प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ उपासनेत वाटल्या जाणाऱ्या भाकरीचे, ताट मी भाकर न घेता पुढे सरकवत राहिलो. शेवटी त्याच्या दाराशी गेलो. जाळीच्या दाराआडून तो एवढेच म्हणाला, ‘आता काय राहिलंय?’ मी जिना उतरलो, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली.

पौलाने रोमकरांस लिहिताना ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशा दोन मर्यादा घातल्या आहेत (१२:१८), त्या मला त्या जिन्यावर कळल्या. समेटाला दोघे लागतात. प्रभूने शिष्यांना दिलेली शांती मात्र भावाच्या होकारावर अडून राहत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या दुरावलेल्या जुळ्या भावांपैकी एसावाने याकोबाला मिठी मारली, तरी पुढे एक सेईरला गेला आणि दुसरा सुक्कोथला.

विश्वासाने घरे मोडतात म्हणून आपण ना. वा. टिळकांचा दाखला दिला आहे. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या हे खरे, पण पुढे ती दोघे पुन्हा एकत्र नांदली, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळले. मार खाणाऱ्या बाईला मी गप्प बसायला सांगतो, हा तुमचा आरोप तर वाचून सोडून देण्यासारखा आहे. तसे मी कोठेही लिहिलेले नाही.

भाऊ आजही माझ्याशी बोलत नाही. रविवारी तो तीन बाक पुढेच असतो, आणि ताट आले की मी भाकर घेतो. हे सोपे होते असे तुम्ही पुन्हा लिहू नये, एवढीच विनंती.