काही नाही होत जी!

शेतातले धोके कसे ओळखावे आणि कसे टाळावे, या विषयावरच्या तीन मार्गदर्शन मेळाव्यांना मी आजवर बसलो आहे. तिन्ही ठिकाणी चिवडा चांगला होता. पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रामबाण उपाय एकाही साहेबाने सांगितला नाही, म्हणून तो मी सांगतो. धोका दिसला की डावा हात हवेत झटकायचा, तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात सारायचा आणि म्हणायचं, ‘काही नाही होत जी.’ झालं. धोका टळला.

गेल्या महिन्यात सोयाबीन काढताना हा मंत्र मी इतक्या जवळून ऐकला की अजून कानात आहे. त्याबद्दल शेवटी बोलतो. आत्ताच बोललो तर तोल जाईल, आणि लेख तर मार्गदर्शनपर लिहायचा आहे.

तर आधी फवारणी. डब्यावर एक तिरपा चौकोन छापलेला असतो, खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा चौकोन बघायचाच नाही. कृषी केंद्रवाल्याने दोन डबे दिले असतील तर तिसरं आपल्या मनाचं टाकायचं आणि वरून एक टॉनिक. ढवळायला काडी शोधू नये, वेळ जातो. कोपरापर्यंत हात दिलाय देवाने. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकावं. फवारणी भर दुपारी, वाऱ्याच्या तोंडी आणि बनियनवर करावी, कारण अंगभर कपडे घातले की उकडतं. मधल्या सुट्टीत त्याच हातांनी खर्रा घोटावा. सुपारी, तंबाखू, चुना आणि थोडं मोनोक्रोटोफॉस. हा माल सिताबर्डीच्या पानठेल्यावरसुद्धा मिळणार नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरून जा. त्या हंगामात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, फवारा सरळ तोंडावर पडत होता. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. हे विष पोटातच जावं लागतं असं नाही. घामाने भिजलेल्या बनियनमधून ते कातडीत उतरतं. आधी घाम सुटतो, लाळ गळते, मळमळतं, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, मग अंग थरथरतं, मग श्वास अडकतो. घरचे म्हणतात ऊन लागलं, लिंबूपाणी द्या. दवाखान्यात नेताना डबा सोबत न्यायचा असतो, म्हणजे काय अंगात गेलं ते डॉक्टरला कळतं आणि अ‍ॅट्रोपिनचा उतारा द्यायचा की आणखी काही, यात वेळ जात नाही. पण तोवर तो डबा धुऊन पाण्यासाठी ठेवलेला असतो. डबा चांगला मजबूत असतो ना.

वीज कडाडायला लागली की वावरातलं सगळ्यात उंच, एकटं झाड निवडून त्याखाली उभं राहावं.

विहिरीला कठडा बांधू नये, पोरं काही आंधळी नाहीत. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत उतरलेला पहिला माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसऱ्याने लगेच उतरावं, मग तिसऱ्याने. खाली श्वास घेण्यासारखी हवा नाही ही माहिती तिघांना एकेक करून मिळते.

रानडुकरांचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. कुंपणाच्या तारेला जोडतात त्या झटका मशीनच्या भानगडीत पडू नका. तिचा करंट साधारण सेकंदातून एकदा येतो आणि पापणी लवायच्या आत जातो. डुक्कर दचकून पळतं, चुकून माणूस लागला तर शिव्या देत उठतो. त्यात काय दम आहे? त्यापेक्षा पंपाच्या पेटीतून सरळ तार ओढा. 230 व्होल्ट, सलग. मूठ आवळली की सुटायचं नाव नाही. डुकराला कायमची अद्दल. फक्त एक बारीक अडचण आहे. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन पाहिलं तर कधीकधी तिथे डुक्कर नसतं, शेजारी असतो. तो रात्री दोन वाजता ओलित करायला उठलेला असतो, कारण लाईट त्याच वेळी येते. ती त्याच वेळी का येते हे मला विचारू नका. तुम्हालाही माहीत आहे, आणि ज्यांना विचारायचं ते त्या वेळी झोपलेले असतात. आपल्या विदर्भात अशा तारांवर वाघसुद्धा मेले आहेत. वाघ मेला की गाड्यांची रांग लागते. शेजारी मेला की पोलीस पाटील येतो आणि दोन्ही घरं मिळून काय ते मिटवा म्हणतो.

साप चावला तर आधी तो साप मारून बाटलीत भरण्यात अर्धा तास घालवा. नाग असो, मण्यार असो, घोणस असो की फुरसं, दवाखान्यात एकच लस चौघांवर चालते, पण डॉक्टरला साप दाखवला नाही तर बरं दिसत नाही. उरलेला अर्धा तास बाबाकडे.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना एकेक पोरगं बसवा, तोल राहतो. पऱ्हाटीने भरलेली ट्रॉली रात्री काटोल रोडला न्यायची असेल तर मागे रिफ्लेक्टर लावू नका, उगाच मागच्याचे डोळे दिपतात.

आता थ्रेशर.

ट्रॅक्टरच्या मागून थ्रेशरला जो दांडा जोडतात, पीटीओचा शाफ्ट, त्यावर नवीन असताना एक प्लास्टिकचं नळीसारखं कव्हर असतं. ते काढून टाका. कसं काढायचं? सोपं आहे. ग्रीस मारताना ते आडवं येतं. पहिल्या वेळी त्याची एक साखळी तुटते, पुढच्या वेळी दुसरी, आणि महिनाभरात ते गोठ्यामागे कोंबड्यांच्या कामी येतं. मग दांडा मोकळा फिरतो. मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. फिरताना तो इतका गुळगुळीत दिसतो की उभाच आहे असं वाटतं. मनगटाहून थोड्या जाड दांड्यावर एका फेऱ्यात जवळपास वीतभर कापड गुंडाळलं जातं. हिशेब करा. सेकंदाला 9 विती. दोन मीटरचा दुपट्टा गिळायला त्याला ‘अरे’ म्हणण्याइतका वेळ लागतो.

हा हिशेब मी कधी केला नव्हता. दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्याच वावरात केला.

कळमेश्वरच्या पलीकडे आमचं सात एकर आहे. मी नागपुरात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी शेतकरी असतो. मोठे भाऊ पूर्णवेळ. सोयाबीन कापून गंजी लागली होती, पावसाचा भरवसा नव्हता, आणि थ्रेशरवाला चार दिवस आज येतो, उद्या येतो करत पाचव्या दिवशी संध्याकाळी उगवला. त्यामुळे घाई. दांडा उघडा आहे हे मला आल्याबरोबर दिसलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, ‘भाऊ, यावर झाकण नाही का?’ त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. ‘तुम्ही नागपूरले राहता ना जी?’ सगळे हसले. ‘धा वर्षं झाली थ्रेशर चालवून राहिलो. काही नाही होत जी.’ सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो. मीही हसलो.

साडेसहाच्या सुमारास, ट्रॅक्टरच्या लाईटमध्ये, गंजी टाकणाऱ्या बायांपैकी एक पाण्याच्या कॅनकडे निघाली. वळसा घालून जायचं तर वीस पावलं, दांडा ओलांडला तर तीन. सगळेच ओलांडत होते. भाऊ ओलांडत होते, मीही दोनदा ओलांडला होता. तिने धुळीसाठी तोंडाला दुपट्टा बांधला होता आणि त्याचं एक टोक लोंबत होतं. मला फक्त तिचं डोकं झटक्यात खाली जाताना दिसलं. ओरडलंसुद्धा नाही कोणी.

गाठ सैल होती. बाकी काही नाही. कोणाचं पुण्य नाही, कोणाचा नवस नाही. गाठ सैल होती म्हणून दुपट्टा गेला आणि ती राहिली. घट्ट असती तर मी आज हा लेख लिहीत बसलो नसतो, पंचनाम्यावर सही करत असतो, आणि सगळे मला सांगत असते की तिचीच चूक होती, दुपट्टा सांभाळायला पाहिजे होता.

ट्रॅक्टर बंद झाला. गळ्यावर लाल वळ उठला होता. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग ड्रायव्हरने विळ्याने दांड्यावरच्या चिंध्या कापून काढल्या, भावाने देवाचं नाव घेतलं, चहा झाला आणि सात वाजून दहा मिनिटांनी थ्रेशर पुन्हा सुरू. तोच दांडा, तसाच उघडा. ती बाईही पुन्हा गंजीवर चढली, कारण अर्धं काम केलं तर अर्धाच रोज. ‘काही नाही झालं ना जी?’ ड्रायव्हर मला म्हणाला. बघा, नुसता काळ बदलला, वाक्य तेच.

आणि कायदा नाही असं कोणी म्हणू नये. 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला, त्यात पॉवर थ्रेशर नावानिशी आहे. आमच्या ड्रायव्हरला तो सांगितला असता तर त्याने पुन्हा बुटांकडे पाहिलं असतं. शासनाची योजनाही आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची, शेतकरी अपघातासाठी. मृत्यू झाला तर 2 लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर 1 लाख. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक माणूस. म्हणजे त्या दांड्यात माझी मान गेली असती तर घरच्यांनी तालुक्याला अर्ज केला असता. सातबारा, फेरफार, पंचनामा, शवविच्छेदन, सगळं जोडून. तिच्या नावावर सातबारा नाही. तिच्या नावावर त्या संध्याकाळी फक्त तीनशे रुपये रोज होता.

अरे, आपण काय करून राहिलो? पस्तीस हजारांचा मोबाईल घेतला की त्यावर त्याच दिवशी काच आणि कव्हर चढतं, आणि माणसाची मान ओढून घेणाऱ्या दांड्यावरचं कव्हर ग्रीस मारायला आडवं येतं म्हणून कोंबड्यांना? आपण ज्याला नशीब म्हणतो ते आपल्याला सकाळी डोळ्याने दिसलेलं असतं. मला दिसलं होतं. उघडा दांडा दिसला होता, लोंबतं टोक दिसलं होतं, आणि एका टोमण्याला घाबरून मी गप्प बसलो. माझ्या वावरात, माझ्या कामावर. ट्रॅक्टर बंद करून ‘आधी कव्हर, मग सोयाबीन’ एवढं म्हणायला मला काय झालं होतं? फार तर थ्रेशर निघून गेला असता. गंजीवर ताडपत्री होतीच.

आणि तुम्हीही दात काढू नका. तुमच्या पंपाच्या पेटीचं दार किती वर्षांपासून तारेने बांधलेलं आहे? तुमचा गडी फवारणीला जातो तेव्हा त्याला हातमोजे आणि तोंडाला मास्क कोणी दिला? तो घालत नाही म्हणता? घातल्याशिवाय पंप त्याच्या पाठीवर चढवू नका. तो सकाळी फवारून दहाला घरी गेला तर तुमचं काय बुडतं? धुऱ्यावरची तार आज रात्री काढा. आज. शेजाऱ्याचं पोरगं अंधारात चप्पल न घालता येतं हे तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मजुरी वाटताना ती बाई पैसे घेऊन तिथेच थांबली. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवेल, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. ती म्हणाली, ‘दुपट्टा नवा होता जी. पोयालेच घेतला होता.’ भाऊ म्हणाले, ‘दे बे तिले दोनशे.’ मी पाचशे दिले. तिने तीनशे परत केले. दुपट्टा दोनशेचाच होता म्हणाली.

आता तूर निघेल. तोच थ्रेशर येणार आहे, आसपासच्या चार गावांत दुसरा नाही. मी त्याच्या शाफ्टचं माप फोनवर विचारून घेतलं, तेव्हाही तो हसला. कव्हर गाडीच्या डिक्कीत आहे, दोन्ही साखळ्यांसकट. ते बसल्याशिवाय पीटीओ टाकू देणार नाही, भाऊ चिडले तरी. बूट घालूनच जाणार आहे.