‘एका दुपारी, फुकटात वेबसाइट’: हे अर्धंच खरं आहे

छोट्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वेबसाइटला डेव्हलपर लागत नाही. नो-कोड टूलवर, म्हणजे कोड न लिहिता, एका दुपारी साइट तयार, तीही फुकट. नावं ठेवतात ते पोटावर पाय आलेले डेव्हलपर. आणि साइट कायमची तुमची.’ ठाण्यात मी बरीच वर्षं साइट बांधतोय, त्यामुळे यावर बोलायलाच हवं.

एका दुपारी होते का? होते. चार फोटो, फोन नंबर आणि नकाशा एवढंच हवं असेल, तर मी स्वतः तेच सुचवतो.

अडतं पुढे. नौपाड्यातल्या एका काकूंनी फराळाची साइट स्वतःच केली आणि मला फोन केला, “अरे, आमच्या नावावरची रेघ तुटलीय बघ.” टेम्प्लेट, म्हणजे टूलमधला तयार साचा, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. मथळ्यातल्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेलं. इंग्रजीत ते देखणं दिसतं, पण ‘घरगुती फराळ’ची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली होती. ओळीची उंचीही कमी, त्यामुळे ‘ऑर्डर’वरचा चंद्र आणि रफार वरून कापलेले. सीएसएसच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, दोन ओळींचं काम! पण त्यांच्या प्लॅनमध्ये सीएसएस लिहायची सोयच नव्हती. दुखणं कळतंय, औषध हातात आहे आणि दार बंद आहे, डेव्हलपर चिडतो तो इथे.

फुकटाचं म्हणाल, तर स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडायला बहुतेक टूलांवर पैसे भरावेच लागतात. आणि पोटावर पाय? अशा अडलेल्या साइट पुन्हा बांधायचं काम शेवटी आमच्याकडेच येतं. राग येतो तो लोकांचे पैसे आणि वेळ दोनदा जातात म्हणून.

‘कायमची तुमची’ हे मात्र साफ चूक. विक्स या टूलवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. वेबफ्लो या दुसऱ्या टूलमधून कोड काढता येतो, पण काढलेल्या साइटवर त्यांचे फॉर्म आणि सीएमएस (साइटवरचा मजकूर भरायची-बदलायची सोय) चालत नाहीत. गूगलने बिझनेस प्रोफाइलवरच्या (गूगलवर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीवरच्या) फुकट वेबसाइट मार्च २०२४मध्ये बंदच केल्या. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर आलेला माणूस प्रोफाइलवर पोचत होता, नंतर तेही थांबलं.

काकूंनी शेवटी साइट हलवायची ठरवली. बेचाळीस पदार्थांची नावं, भाव, फोटो मी एकेक करून कॉपी केले. पत्ताही त्या टूलचाच होता, त्यामुळे जुन्या लिंकवरून गिऱ्हाईक नव्या साइटवर वळवता येईना. आणि तोच पत्ता पाकिटांवर छापून झालेला. ऐन दिवाळीच्या आठवड्यात काकू आणि त्यांची सून रात्री अकरापर्यंत चकलीच्या पाकिटांवर नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवत बसल्या होत्या.